दोन ओळींची विनंती

चिठ्ठी दोन ओळींची होती. क्रांतीबाई कुरण्यांनी नोकरीची पहिली वर्षं पोस्टात तारेच्या खिडकीवर काढलेली, त्यामुळे जगातली कुठलीही गोष्ट दोन ओळींत बसते यावर त्यांची श्रद्धा होती. ‘वडील वारले लगेच निघ’ यात रडणं येतं, घाई येते, दारात ताटकळलेली माणसंसुद्धा येतात. तेहतीस वर्षांच्या नोकरीत ‘वडिलांनी चिरविश्रांती घेतली, सवडीने यावे’ अशी तार करणारा माणूस त्यांना एकदाही भेटला नाही.

चिठ्ठीत होतं ते असं: ‘माझ्या मुलाने, आदर्शने, दारू पिऊन गाडी चालवली आणि पेठ वडगावचे ज्ञानू माने त्यात मेले. तो कळंब्याच्या जेलमध्ये आहे. माने यांच्या घरासाठी आणि त्याच्यासाठी प्रार्थना करा.’

हे शब्दही खरं तर त्यांचे नव्हते. बुधवारच्या मुलाखतीत काचेपलीकडून, खरखरणाऱ्या फोनवर आदर्शने ते सांगितले होते. “आई, चर्चमध्ये सांग. मी केलं ते सगळं सांग. आणि त्यांचं नाव घेऊन प्रार्थना करायला लाव. नाव घेऊन, कळलं?” सव्वीस वर्षांच्या आयुष्यात या पोराने चर्चबद्दल एकच प्रश्न विचारलेला होता, आणि तो म्हणजे ‘कधी सुटणार?’. तेव्हा क्रांतीबाईंना ही मागणी म्हणजे प्रभूचंच काम वाटलं. त्यांनी शब्द दिला. दोन ओळी तर होत्या.

चर्चच्या दाराशी प्रार्थना-विनंत्यांची लाकडी पेटी आहे. शुक्रवारपर्यंत चिठ्ठ्या टाकायच्या. शनिवारी चिटणीस संयोगिताताई पेटी उघडतात, विनंत्या सुवाच्य अक्षरात वहीत उतरवतात आणि रविवारी वाचतात. मग पाळकसाहेब प्रार्थना करतात आणि दीडशे माणसं आमेन म्हणतात. हे गेली चाळीस वर्षं असंच चाललेलं आहे, आणि क्रांतीबाईंच्या दोन बाळंतपणांपासून नवऱ्याच्या हर्नियापर्यंत सगळं त्या वहीतून वर गेलेलं आहे.

त्या रविवारी क्रांतीबाई लाज वाटून घ्यायची पूर्ण तयारी करून गेल्या. साधी पांढरी साडी, हातात रुमाल, तिसऱ्या बाकाचं टोक. रडू आलं तर बाजूच्या दाराने निघता यावं म्हणून टोक. संयोगिताताईंनी वही उघडली.

“क्रांतीताई कुरणे यांचे चिरंजीव आदर्श सध्या घरापासून दूर आहेत. त्यांच्या सुखरूपतेसाठी.”

दीडशे माणसं म्हणाली, आमेन. क्रांतीबाईंचं मात्र डबा बांधून लग्नाच्या पंगतीला गेल्यासारखं झालं. एवढी लाज घरून आणलेली, आणि ती उघडायलाच कुणी सांगेना.

उपासनेनंतर चर्चच्या आवारात चहा असतो. तिथे गायकगणाचे प्रमुख गुंडू मास्तर कप सांभाळत अमरसिंहांकडे आले. अमरसिंह म्हणजे क्रांतीबाईंचे यजमान. दूध संघातून निवृत्त झालेला भला माणूस, पण कुणी प्रश्न विचारला की त्याला उत्तराची नाही, सुटकेची वाट दिसते.

“काय अमरसिंगराव, आदर्श बाहेर का?”

“हं. बाहेर.” अमरसिंहांनी हात कुठेतरी आभाळाच्या बाजूला केला.

“दुबई?”

“तिकडंच,” अमरसिंह म्हणाले, आणि बिस्किट चहात बुडवलं.

घरी येताना क्रांतीबाई रंकाळ्यापर्यंत चार पावलं पुढेच चालत राहिल्या. मग म्हणाल्या, “दुबई?”

“मी कुठं म्हटलं? ते म्हणाले.”

“तुम्ही ‘तिकडंच’ म्हणालात.”

“अगं, कळंबा तरी तिकडंच आहे की!”

सोमवारी त्या संयोगिताताईंकडे गेल्या. संयोगिताताई कॉलेजात शिकवतात, कधी आवाज चढवत नाहीत. कोल्हापुरात हळू बोलणारी माणसं शोधायची तर आमच्या चर्चमध्ये यावं. बाहेर सगळा गाव समोरच्याशी पंचगंगेच्या पलीकडून बोलल्यासारखा बोलतो. संयोगिताताईंनी चहा दिला आणि एक छापील कागद दिला. पुण्याच्या कार्यशाळेतून आणलेला ‘प्रेमळ शब्दांचा तक्ता’. डाव्या बाजूला टाळायचे शब्द, उजवीकडे वापरायचे. दारुडा नाही, ‘सवयीशी झगडणारे बंधू’. घटस्फोट नाही, ‘वेगळी वाटचाल’. तुरुंगासमोर लिहिलं होतं, ‘घरापासून दूर’.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. तक्ता वाईट हेतूने आलेला नव्हता. काही वर्षांपूर्वी एका मुलीचं मोडलेलं लग्न याच वहीतून नावगावासकट वाचलं गेलं होतं आणि ती मुलगी पुन्हा चर्चची पायरी चढली नाही. क्रांतीबाईंना ती आठवत होती. त्या दिवशी त्यांनीही मान वळवून तिच्याकडे पाहिलं होतं.

“पण संयोगिताताई, तिचं दुसऱ्यांनी सांगितलं होतं. हे मी माझं सांगतेय. माझ्या पोराने सांगायला सांगितलंय.”

“ताई, तुमच्या वेदनेचा आम्ही आदरच करतो.”

“आदर नको. वाचा फक्त.”

“तक्त्यात बसत नाही ना.”

क्रांतीबाईंनी चष्मा लावून तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला. ‘पाप’ या शब्दासमोर ‘उणीव’ असं होतं.

“मग प्रभू वधस्तंभावर कशासाठी गेला हो?” त्यांनी विचारलं. “आमच्या उणिवांसाठी?”

संयोगिताताई जराशा गोंधळल्या. “वधस्तंभावर अजून चर्चा व्हायची आहे,” त्या म्हणाल्या. “तो विषय पुढच्या कार्यशाळेत घेणार आहेत.”

बुधवारी मुलाखत. जेलच्या दाराशी आधार कार्ड, नोंद, झडती, बाकावर तासभर. तिथला हवालदार बेंबीच्या देठापासून ओरडला, “आदर्श अमरसिंग कुरणेचं कोण हाय? आरोपीची आई कोण?” क्रांतीबाई उठल्या आणि त्यांना स्वतःचंच नवल वाटलं. त्या आवाजाने बरं वाटलं. साऱ्या गावात हे एकच ठिकाण होतं जिथे त्यांच्या मुलाला जे आहे ते म्हणत होते.

“झाली प्रार्थना?” आदर्शने पहिलाच प्रश्न केला. गाल बसले होते. “नाव घेतलं त्यांचं?”

दीडशे माणसांचं आमेन झालेलं होतंच. प्रार्थना झाली नाही असं काही म्हणता येत नव्हतं.

“झाली,” क्रांतीबाई म्हणाल्या.

त्याने डोळे मिटून घेतले. ते बघून क्रांतीबाईंना वाटलं, आता येत्या रविवारी काहीही करून हे खरं करायचं. उधारीचं खोटं आहे, आठ दिवसांत फेडू.

त्या पाळकसाहेबांकडे गेल्या. पाळकसाहेब तरुण, सज्जन, आणि भ्यालेले. त्यांनी आधी दार लावलं, मग खिडकी लावली.

“ताई, आदर्शचं एक वेळ बघता येईल. पण मान्यांचं नाव? ती माणसं आपली नव्हेत. त्यांच्या नावाने आपल्या चर्चमध्ये प्रार्थना, आणि कुणी मोबाइलवर काढून फिरवलं तर? उद्या म्हणतील, मयताच्या घरी धर्मांतर करायला निघालेत.”

“मी त्यांना ख्रिस्ती करा म्हणत नाही साहेब. त्यांचं सांत्वन कर, असं देवाला म्हणतेय.”

“ते तुम्हाला कळतं, मला कळतं, प्रभूला कळतं. व्हॉट्सअॅपला कळत नाही.”

हे खोटं नव्हतं. शेजारच्या तालुक्यात एका वाढदिवसाच्या प्रार्थनेवरून पोलीस आले होते. भीती खरी असली की तिच्याशी भांडता येत नाही, आणि तीच तर तिची सोय असते. पाळकसाहेब म्हणाले, लेखी अर्ज द्या, चर्चच्या पंच कमिटीपुढे ठेवतो.

अर्ज दिला. पंच कमिटीने तीन जणांची उपसमिती नेमली. उपसमितीने, इथेही सुटकेची वाट शोधणाऱ्या अमरसिंहांच्या सूचनेवरून, आदर्शच्या वकिलाचं मत मागवलं. वकीलसाहेब फोनवर हादरलेच. “चर्चमध्ये कबुली? अहो, दीडशे साक्षीदार एका दमात! ‘घडलेली घटना’ म्हणा. आणि वडगावकडे फिरकू नका बरं का, गुन्हा मान्य केल्यासारखं होतं.” आदर्शने त्याच वकिलाला, मी कोर्टात कबूल करणार आहे, असं दोनदा सांगितलं होतं, वकीलसाहेबांनी ते त्याचं वय म्हणून सोडून दिलं होतं.

इकडे दुबई वाढत होती. गुंडू मास्तरांनी एक यादी आणून दिली: खजूर दोन पाकिटं, गुडघ्यावरचं मलम, एक बॅटरी. “घाई नाही. येईल तेव्हा.” चर्चच्या मासिक पत्रकात ‘आपले परदेशस्थ तरुण’ या मथळ्याखाली आदर्शचं नाव आलं. वर्षाराणीबाई, ज्यांनी गेल्या वीस वर्षांत चर्चमधली निम्मी लग्नं जमवली, त्या संध्याकाळी घरी आल्या आणि पदर सावरून म्हणाल्या, “जयसिंगपूरची माझी भाची आहे, अनुजा. तिकडे जायला तयार आहे हो मुलगी.”

“तिकडे?” क्रांतीबाई म्हणाल्या. “तिकडे बायकांची बराक वेगळी असते.”

वर्षाराणीबाई गोड हसल्या. “असणारच. तिकडचे कायदे कडक.”

याला काय म्हणावं? क्रांतीबाईंनी खरं बोलून पाहिलं होतं आणि ते सरळ दुबईत जाऊन पोचलं होतं.

दुसऱ्या बुधवारी आदर्शने विचारलं, “परत घेतलं नाव?” त्या म्हणाल्या, “घेतलं.” तिसऱ्या बुधवारी त्याने विचारलं, “लोक काय म्हणाले?” त्या म्हणाल्या, “सगळ्यांनी आमेन म्हटलं.” परतीच्या रिक्षात त्यांनी आपण किती वेळा खोटं बोललो ते बोटांवर मोजलं. तीन वेळा. त्यापुढे त्यांनी काही मोजलं नाही. कोंबडा आरवायच्या आत प्रभूच्या शिष्याने त्याला नाकारलं तेही तीनदाच, ख्रिस्ती माणसाला त्या आकड्यापुढे मोजायचं नसतं.

घरी आल्या तर कंपाउंडच्या भिंतीपलीकडून शेजारची बसव्वा डोकावली. बसव्वाचं माहेर पार सीमेवरचं, गळ्यात लिंग, आणि आवाज असा की गल्लीत तिला मोबाइलची गरज पडत नाही.

“क्रांतीअक्का! पोरगं जेलात हाय न्हवं? जेवाय तरी नीट घालत्यात का?”

सारी गल्ली ऐकत होती. क्रांतीबाई पायरीवर बसल्या आणि महिन्यात पहिल्यांदा पोटभर रडल्या. बसव्वा भिंतीला वळसा घालून आली, शेजारी बसली.

“रडू नगं. केलंय त्यानं, भोगल. आनि ज्येचं मानूस गेलं तिकडं गेलतीस का?”

“वकील नको म्हणतात.”

“वकील काय म्हनायचा त्यो म्हनू दे की. तुजा देव काय म्हन्तो?”

क्रांतीबाईंना या प्रश्नाचं उत्तर लहानपणापासून पाठ होतं. होयला होय म्हणावं आणि नाहीला नाही, एवढं साधं सांगणं. संडे स्कूलमध्ये त्यांनी ते तीस पोरांकडून म्हणवून घेतलं होतं. त्यांनी ते बसव्वाला सांगितलं नाही. तोंड उघडायची लाज वाटली.

दोन दिवसांनी उपसमितीचा ठराव आला, शिक्क्यासह. विनंतीचा मंजूर मजकूर: ‘वडगाव परिसरातील एका कुटुंबास झालेल्या गैरसोयीबद्दल.’

क्रांतीबाईंनी तो कागद स्वयंपाकघरात उभ्या उभ्या वाचला. एसटी उशिरा आली की गैरसोय होते. नळाला पाणी आलं नाही की होते. ज्ञानू माने संध्याकाळी सहाला डेअरीत दूध घालून सायकलवरून घरी निघाले होते. घरी त्यांच्या बायकोने, धोंडुबाईंनी, चुलीवर आमटी ठेवली होती, हे पंचनाम्याच्या वेळी कुणीतरी सांगितलेलं क्रांतीबाईंच्या कानातून जात नव्हतं. गैरसोय.

याच सुमारास महिला मंडळाचं पत्र आलं. महिला रविवारी उपासना बायका चालवतात. त्यात या वर्षी क्रांतीताईंनी ‘मुले परदेशी असताना आईची भूमिका’ या विषयावर साक्ष द्यावी, म्हणजे सगळ्यांसमोर उभं राहून आपला अनुभव सांगावा, अशी प्रेमाची विनंती होती. शाल आणि पुष्पगुच्छ मंडळातर्फे.

अमरसिंह पत्र वाचून घाबरले. “नाही म्हण. बरं नाही म्हणून सांग.”

“मी ठणठणीत आहे,” क्रांतीबाई म्हणाल्या.

महिला रविवारी चर्च भरलेलं होतं. वेदीजवळ झेंडूच्या माळा, मोबाइल स्टँडवर लावलेला, थेट प्रक्षेपण चालू. क्रांतीबाईंना शाल घातली. माइक हातात आला. त्यांनी पर्समधून जुनी चिठ्ठी काढली आणि वाचली. दोन ओळी. ‘मेले’ला ‘मेले’ आणि ‘जेल’ला ‘जेल’. मग म्हणाल्या, “मी त्याला तीनदा सांगितलं की तुम्ही या माणसाचं नाव घेऊन प्रार्थना केली. ते खोटं होतं. आज ते खरं करा. एवढीच साक्ष आहे.”

संयोगिताताई लगबगीने उठल्या, त्यांनी आधी मोबाइलवर रुमाल टाकला, मग दुसरा माइक घेतला. “क्रांतीताईंच्या भावना आपल्या सर्वांपर्यंत पोचल्या आहेत. आपण मस्तकं लववू या.” पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. चांगली, लांब, ओलावा असलेली प्रार्थना. तिच्यात जगातले सगळे दूर असलेले आले, सगळे दुःखी आले, प्रवासी आले, सैनिक आले. ज्ञानू माने आले नाहीत.

“साहेब,” क्रांतीबाई मध्येच म्हणाल्या. आमच्या चर्चमध्ये चालू प्रार्थनेत कुणी बोलत नाही. “नाव राहिलं.”

पाळकसाहेबांनी डोळे उघडले. ते क्रांतीबाईंकडे बघत राहिले, ओठ हलले, आणि मग ते म्हणाले, “तुला सगळ्यांची नावं ठाऊक आहेत, प्रभू. आमेन.” दीडशे माणसं सुटल्यासारखी म्हणाली, आमेन. गुंडू मास्तरांनी पेटीचा भाता ओढला आणि गीत सुरू झालं.

त्या गीतात क्रांतीबाई माइकशिवाय, डोळे मिटून, उभ्या राहून म्हणाल्या, “ज्ञानू माने. धोंडुबाई माने.” पेटीच्या आवाजात ते पहिल्या बाकापर्यंत गेलं असेल. पहिल्या बाकावर नव्वदीची तानाबाई बसली होती. ती शेजारणीला मोठ्यांदा म्हणाली, “काय नाव म्हनली? ग्यानू?” आणि हात जोडून ते नाव पुटपुटू लागली. शेजारणीने तिला गप्प केलं.

चहाच्या वेळी कुणी क्रांतीबाईंना टाळलं नाही. टाळलं असतं तर बरं झालं असतं. सगळे आले, हात हातात घेतला, ‘किती धीराचं’ म्हणाले. वर्षाराणीबाई तर गळ्यात पडल्या.

“मला क्षमा करा,” क्रांतीबाई म्हणाल्या. “अनुजाला उगाच आशा लावली.”

“अहो, कसली आशा? अनुजाचं लग्न मागच्या मे महिन्यातच झालं.”

“मग?”

“आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं की, ताई. पेपरात गाडीचा फोटो आला होता. पण तुम्ही दुबई म्हणालात. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून आम्ही पण…” त्यांनी मायेने शाल नीट केली.

क्रांतीबाईंनी गुंडू मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी कपात नजर घातली. “खजूर इथंच मिळतो, शाहूपुरीत,” ते हळू म्हणाले. “आणि मला तर मधुमेह. खात नाही मी.”

म्हणजे दीडशे माणसं महिनाभर एका गाडीत बसून दुबईला जात होती, सगळ्यांना ठाऊक होतं की गाडी हललेलीच नाही, आणि कुणीही उतरत नव्हतं, कारण शेजारच्याला वाईट वाटेल. या सगळ्या सौजन्यात वाईट वाटायचं राहिलं ते एका धोंडुबाईंसाठी. त्या गाडीत नव्हत्याच.

पुढच्या पत्रकात छापून आलं: ‘महिला रविवारी सौ. क्रांती कुरणे यांनी हृदयस्पर्शी साक्ष दिली.’ कशाबद्दल, ते नव्हतं. थेट प्रक्षेपणाचा तेवढा भाग ‘तांत्रिक कारणास्तव’ काढलेला होता.

त्या रविवारनंतरच्या बुधवारी काचेपलीकडे आदर्श बसला. त्याने काही विचारायच्या आतच क्रांतीबाईंनी फोन उचलला आणि सगळं सांगितलं. पेटी, तक्ता, दुबई, गैरसोय. तीन बुधवार त्या काय बोलल्या आणि तेव्हा खरं काय होतं. तो ऐकत राहिला. ‘दुबई’ला त्याचं तोंड जरासं वाकडं झालं, हसल्यासारखं, ‘गैरसोय’ला ते गेलं.

“म्हणजे नाव कुणी घेतलं नाही.”

“मी घेतलं. एकटीनं. पेटी वाजत होती.”

तो रिसिव्हरच्या वायरीशी चाळा करत बसला. पलीकडच्या काचेशी कुणाची तरी बायको रडत होती आणि हवालदार तिला दोनच मिनिटं राहिलीत म्हणून ओरडत होता.

“तुला बरं वाटलं का, आई? सगळं सांगून टाकल्याने?”

‘हो’ अगदी ओठांवर आला. आईच्या तोंडात तो कायम तयारच असतो. काचेला हात लावून क्रांतीबाईंनी तो गिळला.

“नाही,” त्या म्हणाल्या.

आदर्शने मान वर केली आणि महिन्यात पहिल्यांदा त्यांच्याकडे सरळ पाहिलं.

“मलापण नाही,” तो म्हणाला.